नावाआधीचा दम

"काकू, याच्या चाळीस झेरॉक्स. पटकन."

'पटकन' म्हणणाऱ्याचं काम मी मुद्दाम सावकाश करते. पारनेरच्या एसटी स्टँडसमोर पंचवीस वर्षं दुकान चालवतेय, मला घाई कुणी शिकवू नये. मी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचला, "तुम्हाला कशाची भीती वाटते? शेवटचं कधी घाबरला होतात? तेव्हा हातात काय काम होतं?" खाली उत्तराला तीन रेघा.

"हे काय गं? कुणाला भेडवायला निघालात?" मी विचारलं.

ती पोरगी संस्कृती. कॉलेजात शेवटच्या वर्षाला, सिनेमा-रेडिओचा काहीतरी विषय घेतलेली, आणि एका जागी दोन मिनिटं उभी राहील तर शपथ. मागं तिचा वर्गमित्र पार्थ, गळ्यात हेडफोन, तोंडात मूग. त्यांच्या सरांनी काम दिलं होतं, भयपटाची सुरुवात करून आणा. अख्खा सिनेमा नाही, नुसती सुरुवात, तीन मिनिटांची. पण कॅमेरा मिळण्याआधी अभ्यास करायचा, आपल्या गावातली माणसं कशाला घाबरतात ते विचारून यायचं.

"भूत घ्या की मग," मी म्हटलं.

"भूत नको, काकू. पांढरी साडी आणि मोकळे केस दिसले तर सर कॅमेरा काढून घेणार आहेत."

"सर शहाणा दिसतोय," मी म्हटलं आणि चाळीस कागद काढून दिले.

आठ दिवसांनी दोघं भरलेले कागद घेऊन माझ्याच दुकानात बसली. इथं बाकडं आहे, पंखा आहे आणि मी हाकलत नाही, नुसती बोलते. बिबट्या अकरा जणांना. साप सहा. एकीनं 'सासू' लिहून मग खोडलं होतं, पण खोडलेलं चांगलं वाचता येत होतं. एका म्हाताऱ्यानं लिहून दिलं होतं, मला फक्त तुमच्या असल्या प्रश्नांची भीती वाटते. संस्कृतीचं तोंड पडलं. म्हणाली, "बिबट्या कुठून आणायचा आता?"

पार्थ मात्र कागद वेगळे काढत बसला होता. सात कागद झाले. त्यानं ते माझ्यापुढं मांडले. सात माणसं वेगळी, अक्षर वेगळं, पण उत्तर एकच. 'सकाळी गनीभाईची रिक्षा गल्लीत वळते. कळविण्यास अत्यंत दुःख होते की, असं म्हणतो आणि थांबतो. नाव येईपर्यंत जीव टांगणीला लागतो.'

मी काही बोलले नाही, आणि मी बोलले नाही म्हणजे काय ते माझ्या घरच्यांना विचारा. माझा धाकटा भाऊ नगरला दवाखान्यात होता तेव्हा रोज सकाळी गनीभाईची रिक्षा यायची आणि माझा हात मशीनच्या झाकणावर तसाच राहायचा. ती पाच सेकंदं मला अजून नको वाटतात. भाऊ बरा होऊन घरी आला, आता चांगला टेम्पो चालवतो.

तर हा गनीभाई. गनी इब्राहिम तांबोळी, वय बासष्ट. पारनेरात त्याला न ओळखणारा माणूस मिळायचा नाही, पण माणूस रिक्षाच्या आत आणि आवाज सगळ्या गावात, म्हणून तोंड ओळखणारे कमी. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, एक पुढं तोंड करून, एक मागं. मांडीवर मशीन, हातात माईक. उद्या पाणी येणार नाही, साड्यांचा सेल लागला, जत्रेत कुस्त्या आहेत, पाटलांची काळी गाय हरवली, सगळं हाच सांगतो. आणि गावात कुणी गेलं की तेही हाच सांगतो. आवाज असा की शब्द न् शब्द उंबऱ्याच्या आत येऊन बसतो. मी त्याला राखी बांधते. आमच्यात 'अहो-जाहो' नाही.

हल्ली त्याचं काम कमी झालंय. माणूस गेला की दहा मिनिटांत त्याचा हार घातलेला फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतो. गनीभाई माझ्याकडं चहा पिताना म्हणायचा, "ताई, माझं आता ऐकतं कोन? लोकं कानात बोंडं घालून बसल्याती." मी म्हणायची, "तू बोल. ऐकायचं ते ऐकतात." पण मलाही खात्री नव्हती.

"पाच सेकंद थांबतात ते," पार्थ म्हणाला. त्याच्याकडं मोबाईलवर गनीभाईचे तीन पुकारे होते. "तिन्ही वेळा पाच. भीती वाटावी म्हणून मुद्दाम करतात का?"

"मुद्दाम? अरे, भीती त्यालाच वाटते," मी म्हटलं आणि मग सांगावंच लागलं.

बावीस वर्षांपूर्वी पारनेरात दोन सूर्यभान औटी होते. एक ऐंशी वर्षांचा, कुंभार गल्लीतला. दुसरा बाजारपेठेतला, पस्तिशीतला पैलवान, आणि तो गनीभाईचा जिवाभावाचा दोस्त. जत्रेत सूर्यभान मातीत उतरायचा आणि गनीभाई माईकवरून त्याचं नाव घ्यायचा, "सूर्यभान औटी, पैलवान, राहणार बाजारपेठ!" वर्षानुवर्षं घेतलेलं नाव. ते सुरू झालं की पुढचं तोंडातून आपसूक यायचं.

एका सकाळी म्हातारा सूर्यभान गेला. त्याच्या भाच्यानं येऊन तोंडी सांगितलं. गनीभाई निघाला, पुकारा सुरू केला आणि नावाच्या मागोमाग जिभेनं सवयीनं पुढचं लावून दिलं. 'पैलवान, राहणार बाजारपेठ.' दोन गल्ल्या फिरून झाल्या तरी त्याच्या ध्यानात आलं नाही. आणि पैलवान त्या दिवशी जनावर बघायला राहुरीला गेलेला. तेव्हा कुठले मोबाईल? गनीभाईच्या तोंडून आलंय म्हणजे खरंच असणार, राहुरीलाच काहीतरी झालं आणि आता मयत आणतील, असं सगळ्या पेठेनं धरलं. बायांनी सूर्यभानच्या बायकोच्या, साळूबाईच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. देवळाली प्रवराहून तिचे आईबाप टेम्पो करून रडत आले. दुपारी चारला सूर्यभान नवा कासरा हातात घेऊन एसटीतून उतरला, तर घरापुढं माणसं आणि बायको भिंतीला टेकून बसलेली, कपाळ पांढरं.

चूक कळली तसा गनीभाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या गावातून फिरला. "सूर्यभान औटी पैलवान सुखरूप आहेत, चूक माझी आहे." घसा बसला तरी फिरला. मग सूर्यभानच्या दारात गेला आणि पायाशी बसला. साळूबाई म्हणाली, "जाऊ द्या, भाई. माझा धनी घरी आला, मला सगळं मिळालं." सूर्यभाननं दार लावून घेतलं. तो जिता असताना त्याच्या बायकोचं कुंकू गेलं होतं. बावीस वर्षं त्यानं गनीभाईशी एक शब्द काढलेला नाही. पुढं तो पेठेतलं घर सोडून शेतातल्या वस्तीवर राहायला गेला. दर संक्रांतीला गनीभाई माझ्या हाती तिळगूळ पाठवतो. साळूबाई घेते, सूर्यभान उठून गोठ्यात जातो.

तेव्हापासून गनीभाईचे नियम. तोंडी काही घ्यायचं नाही. माझ्याकडून त्यानं छापील चिठ्ठ्या करून घेतल्या. मयताचं पूर्ण नाव, वय, गल्ली, घरातलं नाव, आणि खाली दोन सह्या. दोघंही घरचेच पाहिजेत आणि सहीपुढं मयताशी नातं लिहायचं. एक सही कमी असेल तर तो रिक्षाला किल्ली लावत नाही. मग भले आमदाराच्या घरातलं असो. चिठ्ठीची एक झेरॉक्स माझ्याकडं फायलीला. आणि पुकारताना नावाच्या आधी थांबून तो चिठ्ठी पुन्हा एकदा वाचतो. पाच सेकंद लागतात. एवढंच आहे ते.

संस्कृती इतका वेळ एका जागी बसलेली मी पहिल्यांदाच बघितली. "काकू," ती हळूच म्हणाली, "हीच आमची सुरुवात."

तिनं तिथंच वहीत काढलं. एक बाई दोरीवरचे कपडे काढतेय. लांबून रिक्षाचा आवाज. कळविण्यास अत्यंत दुःख होते की. बाईचा हात थांबतो. पाच सेकंद काहीच नाही. आणि मग नाव येतं ते त्या बाईचंच. बाई म्हणून मला घ्यायचं ठरलं. मी आधी नाही म्हटलं, मग दोनदा नाही म्हटलं, मग कोणतं लुगडं नेसायचं ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी गनीभाई चहाला आला तेव्हा दोघांनी त्याला गाठलं. सिनेमा म्हटल्यावर गड्याचा चेहरा उजळला. तरुणपणी थेटरात नवीन सिनेमा लागला की हाच गावभर सांगत फिरायचा, पण पडद्यावर त्याचा आवाज कधी आला नव्हता. "माझा आवाज? शिनेमात?" त्यानं दोनदा विचारलं. संस्कृती सांगत गेली, हा मान डोलवत गेला. मग म्हणाला, "लई भारी. नाव कुनाचं घ्यायचं?"

"काकूंचं," संस्कृती म्हणाली.

गनीभाईनं चहाचा ग्लास खाली ठेवला. "न्हाई."

"चाचा, सिनेमाच आहे."

"आसंल. जित्या मानसाचं नाव मी त्या पुकाऱ्यात घेनार न्हाई. येकदा घेतलं, त्याचं अजून फेडतोय."

"मग खोटं नाव घेऊ. कुठलंही."

"कुठलंही म्हंजे? आगं, तू कानिफनाथ म्हन, धा कानिफनाथ निघतील तालुक्यात. आनि उद्या त्यातला येक गेला तर माझ्याकडं कोन बघंल? लोकं म्हन्तील, गनी खोटंबी सांगतो. मग माझ्या खऱ्याला काय अर्थ ऱ्हायला?"

पार्थ आपला सरळ. तो म्हणाला, "चाचा, मग आम्हाला कॉम्प्युटरवर आवाज करावा लागेल. तुमच्या रेकॉर्डिंगवरून होतो."

मी त्याला डोळ्यांनीच दटावलं, पण शब्द सुटला होता. गनीभाई उठला, अर्धा चहा तसाच ठेवून गेला. मी पार्थला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पोरगं कानापर्यंत लाल झालं. तसं मनानं वाईट नाही ते, फक्त आधी बोलतं आणि मग विचार करतं. मीही तशीच आहे, म्हणून कदाचित जास्त राग आला.

तिसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी गनीभाई शटरपाशी उभा. हातात आमची छापील चिठ्ठी, सगळी भरलेली. मी वाचली. मयताचं नाव, गनी इब्राहिम तांबोळी. वय बासष्ट. घरातलं नाव, गनी.

"तुला काय खूळ लागलं का रे?" मी ओरडले. रस्त्यावरची माणसं बघायला लागली.

"जित्या मानसाचं नाव घेनार न्हाई म्हनलं, ते दुसऱ्याचं. माझं नाव माझं हाय, ताई. त्याच्यावर मला हक हाय. शिनेमात आवाज माझाच जाऊ दे, मशीनचा नको."

पोरांना बोलावलं. संस्कृतीनं चिठ्ठी वाचली आणि तिच्या हातावर काटा आला, तिनं मला हात पुढं करून दाखवला. "काकू, हे तर फारच वरचढ झालं. गावाला मरण सांगणाराच मेला, आणि तरी त्याचा आवाज येतोय. मग रिक्षात कोण आहे?" ती नाचायचीच बाकी होती. भुताशिवाय भूत सापडलं होतं.

आता आल्या सह्या. गनीभाई म्हणाला, खेळातलं असलं तरी चिठ्ठी पुरी पाहिजे. त्यानं ती घरी नेली. त्याची बायको शरिफाभाभी गरीब गाय, पण तिनं चिठ्ठी बघितली आणि म्हणाली, "तुमची अक्कल कुठं चरायला गेली? पुन्हा हा कागद घरात दिसला तर चुलीत घालीन." तो गपगुमान परत आला. मग मी पेन काढलं आणि पहिल्या रेघेवर सही केली. नातं, बहीण. दुसरी रेघ रिकामीच राहिली. गनीभाई तिच्याकडं बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे. गावात थोडंच बोलनार हाय." बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं एका सहीवर रिक्षाला किल्ली लावली, आणि मी त्याला अडवलं नाही.

जागा त्यानंच निवडली. पवनचक्क्यांच्या खालचा माळ, गावापासून चांगला लांब. सकाळचे दहा, स्वच्छ ऊन, वाळलेलं गवत. पोरांनी दोन काठ्या रोवून दोरी बांधली, मी घरचे कपडे वाळत घातले. पार्थ म्हणत होता की नुसत्या माईकवर तो आवाज येत नाही, भोंग्यातून आल्यावरच गनीचाचा वाटतात. त्यामुळं भोंगा लावायचा ठरलं.

"पन जपून," गनीभाई म्हणाला. "खाली त्या बाजूला सूर्यभानची वस्ती हाय. तिकडं आवाज गेला न्हाई पायजे." त्यानं स्वतः रिक्षा वळवली, पुढचा भोंगा नीट डोंगराकडं केला, उतरून हातानं तपासला. वस्ती पाठीमागं. कसा काळजीनं सगळं करत होता! पोरांनाही बरं वाटलं, मलाही वाटलं.

कॅमेरा सुरू झाला. मी कपडे काढायला लागले. गनीभाईनं घसा साफ केला.

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की..."

आणि थांबला. मला सगळं ठाऊक होतं, चिठ्ठीवर सही माझी होती, तरी माझा हात धोतरावर तसाच थांबला. नाटक करावंच लागलं नाही.

"गनी इब्राहिम तांबोळी, वय बासष्ट, राहणार पारनेर, यांचे आज पहाटे अल्पशा आजाराने निधन झाले आहे. दफनविधी दुपारच्या नमाजनंतर होईल."

काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. संस्कृती म्हणाली, "काकू, भारी! अजून एकदा घेऊ." तीन वेळा घेतलं. तिसऱ्या वेळेला कपडे काढता काढता माझी नजर उतारावर गेली. वस्तीकडून एक माणूस वर पळत येत होता. डोक्याला काही नाही, पायात काही नाही. मध्येच पडला, उठला, पुन्हा पळायला लागला. पार्थच्या कानावर हेडफोन, त्याला पत्ता नाही. संस्कृतीनं बघितलं आणि कॅमेरा तिकडं वळवला.

मी रिक्षाकडं बघितलं, मग टपाकडं. दुसरा भोंगा. मागं तोंड करून, थेट वस्तीवर रोखलेला. तीस वर्षं पुढं बघून बोललेला माणूस, मागच्या भोंग्याची तार काढायची असते हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आमच्याही आलं नाही. एवढी शिकलेली पोरं आणि एवढी शहाणी मी!

"गनीभाई, माईक बंद कर," मी ओरडले. "सूर्यभान आला."

गनीभाई रिक्षातून खाली उतरला. हातात माईक तसाच. सूर्यभान दहा पावलांवर येऊन थांबला. पंचावन्न-साठीचा गडी, छाती भात्यागत हलतेय, गालांवरून पाणी वाहतंय, तळपायाला रक्त. त्यानं गनीभाईला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"गन्या," सूर्यभान म्हणाला.

बावीस वर्षांनी त्याच्या तोंडून ते नाव आलं. गनीभाईचे ओठ हलले, पण ज्याच्या आवाजानं गाव थांबतं त्याच्या गळ्यातून आवाज निघेना.

"भाड्या, तू जिता हायेस?" सूर्यभान पुढं आला आणि त्यानं गनीभाईच्या पाठीत एक धपाटा घातला. पैलवानाचा हात तो, गनीभाई रिक्षावर आदळला. मग सूर्यभाननं त्यालाच ओढून घेतलं, मानेला मिठी मारली आणि लहान पोरासारखा हमसून रडायला लागला. "मेला म्हनलास रं. तुझ्याच तोंडानं म्हनलास. तुझा आवाज म्हंजे तू जिता, येवढाबी इचार केला न्हाई. तुझं खोटं हुईल असं कसं वाटंल मला?"

"चुकलो," गनीभाईचा आवाज एकदाचा फुटला. "म्होरचा भोंगा वळवला, मागचा ध्यानात न्हाई आला. दुसऱ्यांदा चुकलो, सूर्या."

"व्हय, चुकलास." सूर्यभाननं धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं, गनीभाईला हातभर लांब धरलं आणि त्याच्याकडं बघत राहिला. "तवा तू मला मारलंस. आज म्या तुला मेलेला धरला. पायात काय घालायचंबी सुचलं न्हाई. आता कळलं मला, साळूला त्या दिशी काय झालं आसंल ते, आनि तुलाबी. फिटंफाट झाली. आता पुरे."

मी तिथंच दोरीखाली बसले आणि पदर डोळ्याला लावला. संस्कृती उघड उघड रडत होती, कॅमेरा मात्र सोडला नव्हता. पार्थनं हेडफोन काढून हळूच विचारलं, "काकू, हे कोण?" त्याच्याही डोक्यात एक धपाटा घालावा असं वाटलं.

इतक्यात माझा मोबाईल वाजायला लागला. आजूबाजूच्या दोन वस्त्यांनीही ऐकलं होतं. "मनकर्णाबाई, गनीभाईचं खरं का हो? माती कधी?" सूर्यभाननं ते ऐकलं आणि माईकवर बोट ठेवून म्हणाला, "आदी हे माघारी घे. सगळ्यांना सांग."

गनीभाईनं रिक्षा वळवली. या वेळेला उतरून दोन्ही भोंगे तपासले. आणि पुकारा केला, "कळविण्यास आनंद होतो की, गनी इब्राहिम तांबोळी, राहणार पारनेर, सुखरूप आहेत. चूक माझी आहे." सूर्यभाननं माईक त्याच्या हातातून ओढला आणि त्यात ओरडला, "आनि जेवायला माझ्याकडं चाललेत!"

वस्तीवर पोचलो तर साळूबाईनं पिठलं टाकलेलं, भाकरीचं पीठ मळलेलं. आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी नेतात. तिनं पुकारा ऐकल्या ऐकल्या शरिफाभाभीसाठी करायला घेतलं होतं. "देवा, भाई!" म्हणून तिनं हात जोडले, मग हसली, मग पदरानं डोळे पुसले. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गनीभाई त्या कुंकवाकडं बघून मान खाली घालून बसला. साळूबाई म्हणाली, "खावा आता. सोत्याच्या मौतीचं पिठलं कुनाला गावतंय?" गनीभाईनं तीन भाकरी खाल्ल्या. मीही दोन खाल्ल्या, उगाच खोटं कशाला बोलू? पोरांनी पिठल्याचं भांडं पुसून घेतलं. शरिफाभाभीला फोन लावला तेव्हा ती इतकी रागावली की फोन कानापासून लांब धरावा लागला. मग तिनं सूर्यभानला फोन द्यायला सांगितलं आणि त्याच्याशी मात्र बराच वेळ बोलली. सूर्यभान नुसता "व्हय, भाभी. येतो, भाभी," एवढंच म्हणत होता.

संस्कृतीनं सूर्यभानला भीत भीत विचारलं, "काका, तुम्ही पळत येताना माझ्या कॅमेऱ्यात आलात. ते वापरू का?"

सूर्यभाननं विचार केला. "पळत्यालं दाखव. रडल्यालं काढून टाक."

तसंच केलं तिनं. कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवलं तेव्हा मी, गनीभाई, सूर्यभान आणि साळूबाई, आम्ही चौघं पुढच्या ओळीत. दोरीवरचे कपडे, मी, गनीभाईचा आवाज, ती पाच सेकंदं. मग नाव, आणि माळावरून अनवाणी पळत येणारा माणूस. हॉलमध्ये कुणी खोकलं नाही. सर म्हणाले, अशी भीती शोधून सापडत नाही. संस्कृती म्हणाली, सर, चाळीस कागद भरून घेतले तेव्हा सापडली. माझं काम चांगलं झालं असं सगळ्यांचं मत पडलं, मी विचारलं म्हणून नव्हे, त्यांनी आपणहून सांगितलं. एकदोघांना मी विचारलं असेल.

पण त्या दिवशीचं वस्तीवरचं एक सांगायचं राहिलं. जेवून हात धुतल्यावर गनीभाई टॉवेल घ्यायला वाकला तेव्हा खिशातून चिठ्ठी पडली. सूर्यभाननं उचलली. चष्मा नव्हता, म्हणून हात लांब करून वाचली. गनीभाईचं नाव वाचलं, वय वाचलं, माझी सही बघितली. मग त्याचं बोट खालच्या रिकाम्या रेघेवर थांबलं. ही दोन सह्यांची रीत कुणामुळं सुरू झाली हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे, त्यालाही होतं.

"ह्याच्यावर येकच सही हाय," तो म्हणाला. "दोन लागतात ना? घरच्यांच्या?"

"शरिफा करंना," गनीभाई म्हणाला. "आनि दुसरं कोन हाय मला?"

सूर्यभाननं माझ्यापुढं हात केला. मी पर्समधून पेन दिलं. त्यानं चिठ्ठी मांडीवर ठेवली, दाबून दाबून सही केली. पुढं मयताशी नातं लिहायची जागा होती. तिथं तो थांबला, बराच थांबला, आणि मग लिहिलं, भाऊ.

"घे," तो म्हणाला. "आता पुरी हाय. फायलीला लाव. पन परत हिला हात लावशील तर खरंच मारीन."

गनीभाईनं चिठ्ठी घेतली आणि आपल्या नियमाप्रमाणं दोनदा वाचली.